सिग्नलवर गाडी थरथरते? स्क्रू फिरवण्याआधी आरपीएमचा काटा बघा

मे महिन्यात नागपूरच्या व्हेरायटी चौकातल्या सिग्नलवर एसी लावून उभी असलेली पेट्रोल गाडी थरथरायला लागली, की सल्ला ठरलेला: "रेस वाढवून घ्या ना जी." कार्ब्युरेटरच्या काळात ते चालायचं. आता आयडल, म्हणजे गाडी उभी असताना इंजिनचा वेग, ठरवतो ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. थ्रॉटलचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा) स्टॉप स्क्रू फिरवला की त्याचा हिशेबच बिघडतो. म्हणून आधी तपासणी करा, तीही मोकळ्या जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून.

पहिली पायरी सकाळची. थंड इंजिन सुरू करा. आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा हजाराच्या वर जाईल आणि कूलंट तापेल तसा हळूहळू उतरेल. इंजिन पूर्ण तापूनही तो उतरला नाही, तर कूलंट टेम्परेचर सेन्सर तपासायला सांगा, किंवा इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाच्या, एखाद्या फुटक्या नळीतून हवा आत शिरतेय का ते बघा.

दुसरी पायरी: तापलेलं इंजिन, एसी बंद. बहुतेक गाड्यांत काटा 700 ते 850 च्या आसपास स्थिर राहतो.

आता एसी लावा. खरी परीक्षा इथेच आहे. कॉम्प्रेसरचा भार येणार हे ईसीयूला आधीच कळतं आणि तो जास्त हवा आत सोडतो: जुन्या गाडीत आयडल व्हॉल्व्हने, नव्या गाडीत थ्रॉटलची पाकळीच किंचित उघडून. पण हवेला सिलिंडरपर्यंत पोचायला वेळ लागतो. तेवढ्यात आरपीएम पडू नये म्हणून तो स्पार्कची वेळ पुढेमागे करतो, कारण त्याचा परिणाम पुढच्याच स्फोटात दिसतो. त्यासाठी आयडलला स्पार्क मुद्दाम थोडा उशिराच ठेवलेला असतो. गरज पडली की तो अलीकडे आणून जोर मिळवता येतो. ओबीडी स्कॅनरवर (ईसीयूला जोडून त्याचे आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) टायमिंगचे आकडे सतत हलताना दिसले तर घाबरू नका, ते त्याचं रोजचं काम आहे.

काटा जरासा दचकून सावरला तर ठीक. खाली पडून गाडी हलायला लागली, तर बहुतेक वेळा थ्रॉटल बॉडीत कार्बन साचलेला असतो. नागपूरच्या 45 अंशांत कॉम्प्रेसरवर भारही जास्त, म्हणून हिवाळ्यात लपलेला हा दोष उन्हाळ्यात उघडा पडतो.

सफाई करायची तर इंजिन बंद करा, थ्रॉटल क्लीनर कापडावर घेऊन पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने ढकलू नका, आतले गिअर तुटू शकतात. सफाईनंतर आयडल उलट वाढलेला दिसू शकतो: कार्बन असताना पाकळी किती उघडायची हे ईसीयूने शिकून ठेवलेलं असतं. बॅटरी बदलल्यावरही तसंच, शिकलेलं पुसलं जातं. काही गाड्या थोडं चालवल्यावर आपोआप सावरतात, काहींना स्कॅनरने 'थ्रॉटल रीलर्न', म्हणजे पाकळीचा हिशेब नव्याने शिकण्याची आज्ञा, द्यावं लागतं. आपल्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते बघूनच मेकॅनिकला पैसे द्या.