पीएच.डी.साठी अर्ज कोठे करावा: संस्थेच्या नावाआधी प्रश्न ठरवावा

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी अर्जांची यादी करायला बसतात, तेव्हा बहुधा सुरुवात संस्थांच्या नावांपासून होते: बंगळूरची आयआयएस्सी, मुंबईची टीआयएफआर, पुण्याची आयसर. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे. पुढची पाच-सहा वर्षे ज्या प्रश्नाला द्यायची, तो प्रश्न आधी एका परिच्छेदात, शक्यतो मराठीत, लिहून काढावा आणि मग त्यावर कोण काम करते याचा शोध घ्यावा. मराठीत अशासाठी, की पाठ झालेल्या इंग्रजी संज्ञांच्या आड तेथे लपता येत नाही; जे समजलेले नाही ते लिहिताना लगेच अडते.

‘खगोलशास्त्रात संशोधन करायचे आहे’ एवढ्याने अर्ज कोठे करावा हे ठरत नाही. दीर्घिकांमधील हायड्रोजनचा रेडिओ लहरींतून अभ्यास करायचा असेल, तर पुणे विद्यापीठाच्या आवारातील एनसीआरए (राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र) ही स्वाभाविक जागा आहे, कारण जुन्नर तालुक्यातील खोडदजवळची, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही दुर्बीण तीच संस्था चालवते. गुरुत्वीय लहरींची ओढ असेल, तर त्याच आवारातील आयुका (आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र) आणि बंगळूरची आयसीटीएस (टीआयएफआरचे सैद्धांतिक विज्ञान केंद्र) यांचा विचार करावा. सूर्याच्या प्रभामंडळाविषयी, म्हणजे त्याच्या सर्वांत बाहेरच्या वातावरणाविषयी, कुतूहल असणाऱ्याने बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेकडे पाहावे. २०२३ मध्ये सोडलेल्या आदित्य-एल१ यानावरील प्रभामंडळ टिपणारे उपकरण तिनेच तयार केले. सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांच्या शोधासाठी मात्र अहमदाबादची पीआरएल (भौतिक संशोधन प्रयोगशाळा) आणि तिची माउंट अबू येथील वेधशाळा आधी आठवायला हवी. विषयाचे नाव एकच असले, तरी प्रश्न बदलला की गाव बदलते. रसायन, जीवशास्त्र किंवा अभियांत्रिकीतही हेच घडते.

संस्था दिसू लागल्या की माणसांकडे वळावे, आणि येथे घाई करू नये. ज्यांच्या हाताखाली काम करण्याची इच्छा आहे, त्यांचे गेल्या पाच वर्षांतील शोधनिबंध काढावेत. सगळे समजतील अशी अपेक्षा नाही, पण प्रास्ताविक आणि निष्कर्ष वाचून आपल्याला पुढचे काही विचारावेसे वाटते का, हे तपासावे. दोन-तीन निबंध वाचूनही तसे वाटले नाही, तर ते नाव यादीतून काढलेले बरे. भौतिकशास्त्रासारख्या विषयांत निबंधाच्या लेखकांमध्ये पहिले नाव विद्यार्थ्याचे आहे का, तेही पाहावे. मार्गदर्शक विद्यापीठातील असतील, तर त्यांच्या पूर्वीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर बहुधा सापडतात. तेथे प्रबंध चाळताना काम किती वर्षे चालले याचा अंदाज येतो, आणि ऋणनिर्देशाचे पान वाचले तर प्रयोगशाळेतील वातावरणाचाही थोडा सुगावा लागतो.

माझ्या परिचयातील एका विद्यार्थिनीने नामांकित विभागात प्रवेश घेतला आणि दीड वर्षातच तिचे मार्गदर्शक दुसरीकडे निघून गेले. उरलेल्यांपैकी कोणीच तिच्या विषयातले नव्हते. विषय बदलण्यात तिची दोन वर्षे गेली. तेव्हापासून मी एक नियम सांगतो: ज्या ठिकाणी आपल्याला चालतील असे किमान तीन मार्गदर्शक नाहीत, तेथे अर्ज करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. अनेक संस्थांत पहिले वर्ष अभ्यासक्रमाचे असते आणि मार्गदर्शक त्यानंतर ठरतो, त्यामुळे हव्या त्या व्यक्तीकडे जागा मिळेलच असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच संशोधक घेता येतात, शिवाय निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून जागा रिकामी आहे का, हे नम्रपणे ई-मेलने विचारण्यात काहीही गैर नाही. फक्त त्यात त्यांच्या एखाद्या निबंधाविषयी नेमका प्रश्न असावा. याशिवाय तेथील दोन विद्यार्थ्यांशी फोनवर बोलावे. लिहून दिलेला मसुदा किती दिवसांत परत येतो आणि शिष्यवृत्ती दर महिन्याला मिळते की सहा-सहा महिने रखडते, एवढे दोनच प्रश्न विचारले तरी पुष्कळ कळते.

पैशाचा विचार करणे हे संशोधनाशी प्रतारणा नव्हे. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती (पीएच.डी.ची पहिली दोन वर्षे) दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतरची वरिष्ठ ४२,००० रुपये आहे. गेट (अभियांत्रिकी व विज्ञान विषयांची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) देऊन एम.टेक.ला जाणाऱ्यांना मिळणारे दरमहा १२,४०० रुपये मुंबईसारख्या शहरात वसतिगृहाशिवाय पुरत नाहीत. त्यामुळे वसतिगृहाची चौकशी आधीच करावी.

परीक्षांबाबत थोडक्यात एवढेच, की गेटचे अर्ज साधारण गणपतीच्या सुमारास सुरू होतात आणि त्याचे गुण तीन वर्षे चालतात. भौतिकशास्त्रवाल्यांनी जेस्ट (अनेक संशोधन संस्थांची सामायिक पीएच.डी. प्रवेशपरीक्षा) आणि टीआयएफआरची प्रवेशपरीक्षा या दोन्हींच्या तारखा पावसाळ्यापासूनच पाहत राहाव्यात.

परदेशाचा विचार असेल, तर देशागणिक रीत वेगळी आहे. अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो आणि विज्ञानशाखांत बहुधा शुल्कमाफीसह विद्यावेतन मिळते, पण एम.एस.चा खर्च बहुतेकदा स्वतःच करावा लागतो; केवळ ‘अमेरिकेला जायचे’ म्हणून घर गहाण ठेवून एम.एस. करण्यापेक्षा थेट पीएच.डी.चे अर्ज करून पाहणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. जर्मनीत सहसा आधी पदव्युत्तर पदवी लागते आणि पीएच.डी.ची जागा ही अनेकदा करारावरची नोकरी असते, जिची जाहिरात वर्षभरात केव्हाही येऊ शकते.

देशातले आणि परदेशातले मिळून सहा ते आठ अर्ज पुरेसे असतात, कारण त्याहून अधिक झाले की प्रत्येक उद्देशपत्रात (अर्जासोबतच्या ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’मध्ये) तीच वाक्ये फिरू लागतात. यादी पक्की झाली की शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांना ती शेवटच्या तारखांसह, निदान सहा आठवडे आधी, एकाच कागदावर द्यावी आणि आपण त्यांच्याकडे केलेल्या प्रकल्पाचा अहवाल सोबत जोडावा.