रेस्क्यू सेंटरवर डॉक्युमेंट्री करताय? आधी अर्ज, मग कॅमेरा

मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला डॉक्युमेंट्रीचा विषय द्यायची वेळ आली की निम्मा वर्ग प्राण्यांकडे वळतो. प्राणी मानधन मागत नाहीत, एवढंच त्यामागचं शहाणपण. आम्ही जुन्नरचे बिबटे निवडले.

जुन्नरजवळच्या माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र वनखात्याचं. वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था तिथे खात्यासोबत काम करते. कोणी विहिरीत पडलेला, कोणी फासकीत अडकून जखमी झालेला, असे बिबटे तिथे येतात. हे प्राणिसंग्रहालय नव्हे, त्यामुळे तिकीट काढून आत शिरता येत नाही. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. म्हणून कॉलेजच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांचं पत्र, दोन पानांची संहिता, सगळ्यांची ओळखपत्रं आणि कॅमेऱ्यांची यादी जोडून उपवनसंरक्षक कार्यालयात अर्ज द्या. पोच घ्या, तिच्यावर आवक क्रमांक टाकून घ्या. फोनवर नुसतं ‘सर, अर्ज दिलाय’ म्हटलं की फाइल सापडत नाही, क्रमांक सांगितला की सापडते. फाइल पुढे नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांपर्यंतही जाऊ शकते, तेव्हा सबमिशनच्या तोंडावर हे काम काढू नका.

आत जाताना दोघंच जा. कॅमेऱ्याचा बीप आणि फोकसचा लाल दिवा बंद, फ्लॅश तर बॅगेतच नको. जाळी फ्रेममध्ये येते म्हणून नवखे वैतागतात. लांब लेन्स लावा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि बिबट्या जाळीपासून मागे सरकेपर्यंत थांबा; जाळी आपोआप विरघळते. उपचारकक्षातल्या ट्यूबलाइटखाली सेकंदाला २५ फ्रेम्स असतील तर शटर १/५० ठेवा, नाहीतर चित्रात पट्टे येतात.

खरी फिल्म मात्र बिबट्यात नाही, पिंजरा झाडणाऱ्या माणसात आहे. आधी बिबट्याला शेजारच्या कप्प्यात घ्यायचं, मधला सरकता दरवाजा खाली सोडायचा, कडी घालायची, कुलूप लावायचं. मग तेच कुलूप पुन्हा ओढून बघायचं, आणि त्यानंतरच झाडू हातात. पलीकडे कान मागे पाडून गुरगुर चाललेली असते. कुलूप ओढणारा तो हात पूर्ण लांबीचा घ्या, मध्ये कट नको. आवाज वेगळा रेकॉर्ड करा: लोखंडी दरवाजा, बादली, पाइपचं पाणी. या माणसाला खुर्चीत बसवून ‘तुमच्या भावना सांगा’ म्हणालात तर तो ‘काय सांगायचं’ म्हणून गप्प होतो. कॉलरला लेपल माइक लावून त्याला बिबट्यांचं मटण तोडू द्या, म्हणजे त्यांच्या खाण्यासाठीचं; बोलतो.

‘जरा काठी वाजवा, म्हणजे गुरगुरेल’ ही विनंती चुकूनही करू नका. ज्याला परत सोडायचंय त्याला माणसाची सवय लागता कामा नये. तिथे तुमचं जवळ जाणंच नुकसानीचं. ऊसतोडीत बछडे सापडले की डॉक्टर तपासतात आणि संध्याकाळी त्याच शेतात क्रेटमध्ये ठेवतात. आई बहुधा रात्री येऊन घेऊन जाते. ते कॅमेरा ट्रॅप, म्हणजे हालचाल झाली की आपोआप चालू होणारा कॅमेरा, टिपतो. फुटेज मागा, पण बांधावर बसायचा हट्ट नको. माणसाची चाहूल लागली तर ती येणारच नाही.

शेतकऱ्यालाही घ्या. ज्याची शेळी गेली आणि जो पोराला एकटं शाळेत पाठवायला घाबरतो, तो नसेल तर तुमची फिल्म शहरातल्या प्राणिप्रेमींची होते. (आणि एडिटला उदास बासरी लावायचा मोह टाळा. बिबट्याला ती शोभत नाही.)

रफ कट, म्हणजे एडिटचा पहिला कच्चा खर्डा, केंद्रातल्या लोकांना दाखवून मगच फिल्म लॉक करा. ते एखादा शॉट काढायला सांगतील, तेव्हा वाद घालण्याआधी कारण विचारा. पुष्कळदा मागे गावाचा फलक दिसत असतो, आणि त्यावरून बछडे कुठे सोडले ते कोणालाही कळतं.