सशांची जोडी दवाखान्यात नेताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, आमच्या काजळीने खाणं सोडलं. पोट टम्म फुगलेलं, लेंड्या बंद. सकाळीच तिला पिशवीत घालून तालुक्याच्या गावी निघाले, तेव्हा सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "काऊन व, एकटीलेच नेऊन राह्यली? ते दुसरी हिच्याबिगर राहीन काय?" मी ऐकलं नाही. आजारी एक आहे, तर दुसरीला उन्हात कशाला हिंडवायचं, असं वाटलं. डॉक्टरांनी सलाइन दिलं, वेदनेचं औषध दिलं आणि रात्रभर ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काजळी बरी होऊन घरी आली. मी तिला सरळ पिंजऱ्यात सोडलं आणि पाण्याचं भांडं आणायला वळले. तेवढ्यात घरी राहिलेल्या चांदीने तिचा कान फाडला होता.

या दोघी एकाच वेतातल्या सख्ख्या बहिणी. चार वर्षं एकमेकींना चाटत, एकमेकींच्या अंगावर डोकं टेकून झोपलेल्या. त्यांना पुन्हा एका पिंजऱ्यात झोपवायला मला तीन आठवडे लागले. गावाकडे सशांची जोडी पाळणाऱ्यांवर ही वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आजारी एकच आहे म्हणून एकच नेणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि बाकीच्या बऱ्याच चुका तिच्याच पोटातून निघतात.

ससा आपल्या सोबत्याला ओळखतो तो मुख्यतः वासाने. त्याच्या हनुवटीखाली गंधाच्या ग्रंथी असतात. पिंजऱ्याच्या कडेला, भांड्याला, सोबत्याच्या अंगाला हनुवटी घासून तो आपला वास लावत असतो. दोघांचा मिळून एक वास तयार होतो, आणि तोच त्यांच्या घराचा वास. एक जण दवाखान्यातून परतला की त्याच्या अंगाला स्पिरिटचा, औषधाचा, कुत्र्यामांजरांचा, परक्या हातांचा वास असतो. घरी राहिलेल्याच्या लेखी तो नवा, परका ससा असतो, आपल्या जागेत घुसलेला. मग नातं कितीही जुनं असो, तो हल्ला करतो. हल्लाही साधा नसतो. कान, डोळे आणि मागचा नाजूक भाग इथे चावे बसतात.

दोघंही गेले तर दोघांच्या अंगाला तोच वास लागतो आणि प्रश्नच उरत नाही. शिवाय घाबरलेला ससा सोबत्याच्या अंगाला चिकटून शांत होतो, त्याचं खाणं लवकर सुरू होतं. सशाच्या बाबतीत खाणं सुरू असणं म्हणजे निम्मं आजारपण जिंकल्यासारखं आहे. नुसती नखं कापायची असली, तरी दोघांना न्या. गेल्यासारखं निरोगी सशाचंही वजन करून घ्या, दात तपासून घ्या. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि दाढांचा त्रास बाहेरून दिसत नाही.

याला अपवाद एकच. नुकतेच आणलेले, अजून एकमेकांशी न जमलेले ससे एका पेटीत घालू नका. ते जोडी नाहीत, अरुंद जागेत एकमेकांना फाडतील.

पेटी चुकीची, आणि त्यात धुतलेलं गोणपाट

खर्ड्याचं, म्हणजे पुठ्ठ्याचं, खोकं चालत नाही. मुतून ओलं होतं, तळ सुटतो, नाही तर ससे ते कुरतडून बाहेर येतात. पिशवी तर नकोच, मी ती चूक केली आहे. शहरात मिळणारी प्लास्टिकची पेटी परवडत असेल तर उत्तम. नाही तर टमाट्याचे दोन कॅरेट घ्या, एकावर एक उपडं ठेवा आणि चारही कोपरे सुतळीने घट्ट बांधा. हवा खेळती राहते. दोघं शेजारी पसरून झोपू शकतील आणि जागच्या जागी वळू शकतील एवढी जागा हवी. त्याहून फार मोठं नको, गाडी वळली की घसरतात.

तळाला गुळगुळीत कागद नको. त्यांच्याच पिंजऱ्यातलं, त्यांच्याच वासाचं जुनं गोणपाट घाला, आणि ते धुऊ नका. दवाखान्यात जायचं म्हणून आपण स्वच्छ धुतलेला कपडा घालतो, आणि त्यांच्या ओळखीची एकुलती एक गोष्ट काढून घेतो. पेटी आदल्या चार-आठ दिवसांपासून पिंजऱ्याजवळ उघडी ठेवून आत थोडी हरळी टाकत राहा, म्हणजे निघायच्या दिवशी धरपकड करावी लागत नाही.

आम्ही मोटारसायकलवर जातो. हे चालवतात, मी मागे पेटी मांडीवर घेऊन बसते, वरून पातळ सुती ओढणी. पेटी हँडलला लटकवू नका. एसटीत इंजिनजवळची जागा टाळा.

आपल्या उन्हाला कमी लेखणं

अकोला, चंद्रपूर, वर्धा, नागपूर इथे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. सशाला पंधरा ते वीस अंशांच्या आसपास बरं वाटतं, तिशीच्या पुढे त्याला त्रास सुरू होतो. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. आणि एका पेटीत दोघं म्हणजे दोन अंगांची ऊब. जोडी एकत्र न्यायची हा माझा आग्रह आहे, पण उन्हाळ्यात त्याची ही दुसरी बाजू विसरू नका.

उजाडता निघा, दवाखाना उघडायच्या वेळेला दारात असा. पाण्याची बाटली रात्री बर्फात गोठवून, फडक्यात गुंडाळून पेटीच्या एका कोपऱ्यात ठेवा. एकाच कोपऱ्यात, म्हणजे गार वाटलं तर बाजूला सरकता येतं. वाटेत कानांना ओला हात लावत राहा. कान तापून लाल झाले, तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागला, लाळ गळू लागली, तर ती उन्हाची झळ आहे. सावलीत थांबा, कान ओले करा, वारा घाला आणि दवाखाना गाठा. थंड पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्यानेच ससा दगावू शकतो. बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवून जाऊ नका.

रात्रभर उपाशी ठेवणं

माणसाला शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवतात, कुत्र्यालाही ठेवतात, म्हणून लोक सशालाही ठेवतात. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे ते कारणच लागू पडत नाही. उलट त्याचं आतडं सतत चालतं राहावं लागतं, ते थांबलं की जिवावर बेततं. दवाखान्यातून कुणी फोनवर "उपाशी आणा" म्हणालं, तर नम्रपणे पुन्हा विचारा, "साहेब, ससा आहे, तरीही?" सोबत मूठभर हरळी आणि थोडा सांबार, म्हणजे कोथिंबीर, न्या. ओळखीच्या वासाचा चारा परक्या टेबलावरही तोंडात जातो. दोघांनी एकाच जुडीतून खाल्लं तर आणखी चांगलं.

दवाखान्यात गप्प राहणं

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दिवसभर गाई, बैल, बकऱ्या येतात. ससा क्वचित. तिथले डॉक्टर मनापासून बघतात, पण तुमच्या जोडीची सवय तुम्हालाच ठाऊक असते. आत गेल्या गेल्या सांगा, "साहेब, हे दोघं वेगळे राहत नाहीत, तपासताना दुसऱ्याला जवळच ठेवू द्या." मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

बाहेर थांबताना पेटी जमिनीवर ठेवू नका, कुत्रं येऊन हुंगलं की दोघांचीही छाती धडधडते. मांडीवर किंवा उंच बाकावर ठेवा. काढताना कान धरून उचलू नका, उचलू देऊ नका. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. सशाची हाडं हलकी आणि मागचे पाय जोरकस, लटकत्या अवस्थेत त्याने झटका दिला तर पाठीचा कणा मोडू शकतो. उताणं धरलं की तो निपचित पडतो आणि आपल्याला वाटतं शांत झाला. तो शांत नसतो, भीतीने थिजलेला असतो.

औषधांबद्दल दोन गोष्टी आवर्जून विचारा. अ‍ॅमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन यांसारखी औषधं तोंडाने दिली तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससाही मरू शकतो. कुत्र्यांच्या पिसवांसाठी मिळणारं फिप्रोनिलही सशाला विषारी आहे. आणि खरूज. आपल्याकडे सशांना सर्रास होणारा हा आजार, कानात आणि नाकावर पांढरट खपल्या धरतात. एकाला दिसली की लोक दोघांना वेगळं करतात. तोवर किडे दुसऱ्याकडे पोचलेले असतात. दोघांवर एकाच दिवशी उपचार करून घ्या, पिंजरा स्वच्छ करा आणि जोडी मोडू नका. मात्र जनावरांचं आयव्हरमेक्टिन घरी अंदाजाने टोचू नका, दोन किलोच्या जिवाचा डोस डॉक्टरांनीच काढायचा.

अवघड शस्त्रक्रिया किंवा दाढांचं काम असेल तर नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पश्चिम विदर्भातल्यांना अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था जवळ पडते. जाण्याआधी फोन करून सशासाठी कोणत्या दिवशी यायचं ते विचारा. त्याच फोनवर जोडी आणतोय हेही सांगा.

ठेवून घेतलं, तर

जोडीदारालाही तिथेच राहू द्या अशी विनंती करा, चारा आपला द्या. शस्त्रक्रिया झाली असेल तर पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत मात्र दोघांना एकत्र करू नका. झिंगलेल्या सशावर दुसरा चढतो, ढकलतो. तो नीट बसू लागला, खाऊ लागला की मग सोडा. टाके असतील तर पहिला दिवस लक्ष ठेवा, सोबती चाटता चाटता ते ओढतो का बघा.

नराचं खच्चीकरण केलं असेल तर गोष्ट वेगळी. शस्त्रक्रियेनंतरही सुमारे सहा आठवड्यांपर्यंत त्याच्यापासून मादी गाभण राहू शकते, आणि सशाचा गाभणकाळ जेमतेम 31 दिवसांचा. मादीची नसबंदी झालेली नसेल तर तेवढे दिवस दोघांना वेगळं ठेवा, पण एकाच खोलीत. मध्ये दोन जाळ्या, त्यांच्यात वीतभर अंतर. एकाच जाळीवर भागवलं तर आरपार समागम होऊ शकतो. रोज दोघांची गोणपाटं अदलाबदल करा, जेवण जाळीच्या दोन बाजूंना एकाच वेळी द्या.

भांडण झालंच, तर

उघडा हात मध्ये घालू नका. जाड पोतं किंवा सूप मध्ये सरकवून वेगळं करा. केसांखाली बोटं फिरवून चावे शोधा, वरून दिसत नाहीत आणि आत पू धरतो. लगेच "जमेल आपोआप" म्हणून पुन्हा सोडू नका, दुसरं भांडण पहिल्यापेक्षा वाईट होतं.

मी काय केलं ते सांगते. पहिला आठवडा दोन पिंजरे शेजारी, रोज गोणपाटांची अदलाबदल, जाळीला लावून सांबार. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकूंच्या ओसरीवर नेलं, कारण ती जागा दोघींपैकी कुणाचीच नव्हती. रोज दहा-पंधरा मिनिटं, मी मध्ये बसून. कान मागे, शेपटी वर आणि गोल गोल पाठलाग सुरू झाला की लगेच उचलायचं. नुसतं दुर्लक्ष करून दोघी हरळी खात बसल्या तर तो दिवस चांगला. बाराव्या दिवशी काजळीने चांदीपुढे डोकं खाली घातलं आणि चांदीने ते चाटलं. तरी मी आणखी आठवडाभर रात्री वेगळंच ठेवलं.

फक्त आजाऱ्यावरच नजर

घरी आल्यावर सगळं घर आजारी सशाभोवती जमतं, आणि दुसऱ्याने कधीपासून तोंड लावलं नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही. ताणाने त्याचंही पोट थांबू शकतं. एकत्र पिंजऱ्यात कुणी खाल्लं हे कळत नाही, म्हणून दर काही तासांनी प्रत्येकाला हाताने एक पान द्या आणि कोण घेतो ते बघा. दहा-बारा तास खाणं नाही, लेंड्या नाहीत, तर तो तातडीचा रुग्ण आहे. रात्र असली तरी फोन करा.

आणि दोघांतला एक दवाखान्यातच दगावला तर? गेल्या पावसाळ्यात काजळी गेली. डॉक्टरांनी विचारलं, इथेच पुरायची सोय करू का. मी तिला त्याच पेटीत घालून घरी आणलं आणि चांदीजवळ ठेवलं. चांदीने हुंगलं, चाटलं, बराच वेळ शेजारी बसून राहिली, मग उठून कोपऱ्यात गेली. संध्याकाळी आम्ही काजळीला लिंबाखाली पुरलं. सोबत्याचं शरीर दाखवलं नाही तर मागे राहिलेला ससा त्याला दिवसेंदिवस शोधत राहतो, असं पाळणाऱ्यांचं सांगणं असतं. चांदीने शोधलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंच्या हातून तिने सांबाराची एक काडी घेतली.