स्पॉटिंग स्कोप: आधी ट्रायपॉड, मग झूम

स्पॉटिंग स्कोप म्हणजे लांबचे पक्षी पाहायची एका डोळ्याची दुर्बीण. ती कितीही भारी असो, ट्रायपॉड डुगडुगत असेल तर सगळं वाया. मी मधला दांडा वर काढतच नाही. पाय पसरून, गरज पडली तर खाली बसून पाहते.

पक्षी शोधताना झूम सगळ्यात कमी, म्हणजे २० पटीवर ठेवा. पक्षी मधोमध आला की मगच वाढवा. पुढची काच ६५ मिमीची असलेल्या स्कोपमधून २०ला डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत सव्वातीन मिमीचा असतो, ६०ला जेमतेम एक. म्हणूनच संध्याकाळी झूम वाढवला की तुतवारीच्या (पाणथळीतला छोटा पक्षी) पायांचा रंगही कळेनासा होतो. दुपारी चित्र थरथरतं ते तापलेल्या हवेमुळे. फोकसशी झटापट नको, झूम कमी करा. सूर्याकडे स्कोप कधीच वळवू नका.

शर्टाच्या टोकाने काच पुसणं मला बघवत नाही. वाळूचा एक कण कोटिंगवर कायमची रेघ ओढतो. आधी रबरी ब्लोअरने धूळ उडवा (तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते), मग मऊ ब्रश. डाग उरलाच तर लेन्सच्या कापडावर क्लीनरचा थेंब घेऊन मधून कडेकडे, हलक्या हाताने. दमट हवेत काचेवर बुरशी धरते, त्यामुळे ओला स्कोप बॅगेत कोंबू नका. पूर्ण वाळवून सिलिका जेलसोबत ठेवा.