ट्रम्प, सीमा आणि फेंटानिल: गाठोडं सोडून वाद कसा घालायचा

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवर दोन माणसं वाद घालायला बसली की पंधरा मिनिटांत उमेदवार, स्थलांतर आणि अमली पदार्थ या तिन्हींचं एकच गाठोडं होतं. एकजण ट्रम्प यांच्या स्वभावावर बोलतो, दुसरा उत्तरादाखल सीमेवरची गर्दी काढतो, त्यावर पहिला फेंटानिल या अतितीव्र, अफूसारख्या कृत्रिम अमली पदार्थाच्या बळींचा आकडा फेकतो. तासाभरानं आवाज चढलेले असतात आणि एकाही मुद्द्याला उत्तर मिळालेलं नसतं. हे टाळायचं तर दोन सवयी लागतात. एका वेळी एकच दावा हातात घ्यायचा, आणि आकडा आला की तो पुढे करणाऱ्याला विचारायचं: यात नेमकं काय मोजलंय?

म्हणणं आधी कागदावर उतरवा

समोरच्याचं म्हणणं एका ओळीत लिहा, त्याला दाखवा आणि विचारा, "असंच म्हणायचंय ना तुला?" त्याचा होकार येईपर्यंत स्वतःचा मुद्दा मांडू नका. मग ती ओळ फोडा. २०२४ च्या निवडणुकीत सतत ऐकू आलेलं एक वाक्य घ्या: "बायडन-हॅरिस यांनी सीमा मोकळी सोडली म्हणून फेंटानिलनं लाखभर माणसं मेली." यात चार दावे आहेत. सीमेवरची गर्दी वाढली. ती धोरणामुळे वाढली. फेंटानिल त्या गर्दीबरोबर आलं. आणि त्यामुळे मृत्यू वाढले.

पहिला दावा खरा आहे, तो लगेच मान्य करा. दुसरा अर्धामुर्धा खरा आहे, कारण धोरणाबरोबर व्हेनेझुएलासारख्या देशांतली पडझडही त्यामागे होती. तिसऱ्याकडे पुढे येऊ. चौथ्यासाठी वर्षवार आकडे लावून पाहा. सगळ्या अमली पदार्थांच्या अतिसेवनानं अमेरिकेत २०१९ मध्ये साधारण ७१ हजार माणसं गेली, २०२० मध्ये ९२ हजार, २०२१ मध्ये १ लाख ७ हजार, २०२३ मध्ये १ लाख ५ हजार आणि २०२४ मध्ये ८० हजारांच्या आसपास. सर्वांत मोठी उडी २०२० ची. तेव्हा ट्रम्प अध्यक्ष होते आणि मार्चपासून 'टायटल ४२' या आरोग्यविषयक तरतुदीखाली सीमेवरून लोकांना थेट परत पाठवलं जात होतं.

इथेच बरेचजण घसरतात आणि वाक्य उलटं फिरवतात: "म्हणजे ट्रम्पच जबाबदार!" तेही तितकंच कच्चं आहे. त्या वर्षी कोविड होता, उपचारांत खंड पडला होता, व्यसनात अडकलेली माणसं एकटी पडली होती. तुमचा पुरावा इतकंच सांगतो की गर्दी आणि मृत्यू एका चालीनं चाललेले नाहीत. तेवढंच म्हणा आणि थांबा.

उमेदवाराबद्दल बोलताना

माणसाचा स्वभाव, पदाचे अधिकार आणि प्रत्यक्ष कारकीर्द या तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. स्वभावावर दहा मिनिटांहून जास्त वेळ घालवू नका, त्यावर पुराव्यानं मत बदललेला माणूस विरळा. अधिकारांवर मात्र नक्की बोला, कारण तिथे बहुतेकांची माहिती तोकडी असते. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची वर्षाला सुमारे १ लाख ४० हजारांची मर्यादा, त्यातली दर देशाला ७ टक्क्यांची अट आणि एच-१बी या कामाच्या व्हिसाचे ६५ हजार अधिक २० हजार हे आकडे काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, कायद्यात आहेत. कोणताही अध्यक्ष सहीच्या फटकाऱ्यानं ते वाढवू शकत नाही. उलट, परदेशातून किती निर्वासित घ्यायचे हे १९८० च्या कायद्यानुसार दरवर्षी अध्यक्षच ठरवतो. म्हणून उमेदवारानं आश्वासन दिलं की पहिला प्रश्न हा: हे त्याच्या हातात आहे का?

कारकिर्दीवर बोलताना फोटोंपासून सावध राहा. सीमेवरच्या कोठडीत जाळीमागे झोपलेल्या मुलांचे फोटो २०१८ मध्ये ट्रम्पविरोधी मजकुरासोबत फिरले. त्यातले काही २०१४ चे, म्हणजे ओबामांच्या काळातले होते, आणि त्या जाळीच्या खोल्याही तेव्हाच्याच. ट्रम्प समर्थक हे सांगतात ते बरोबर आहे. पण सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक प्रौढावर खटला भरायचा आणि त्यासाठी मुलांना आईबापांपासून सरसकट वेगळं करायचं, हे धोरण २०१८ च्या वसंतातलं, ट्रम्प प्रशासनाचं. २० जून २०१८ ला आदेश काढून त्यांनीच ते थांबवलं. फोटो चुकीचा होता, घटना खरी होती. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, दोन्ही वाक्यं एका दमात बोलता यायला हवीत.

"सगळा देश त्यांच्या मागे आहे" किंवा "लोकांनी त्यांना निवडलंच नाही" अशी विधानंही लगेच तपासा. २०१६ मध्ये ट्रम्प इलेक्टोरल कॉलेजमध्ये, म्हणजे अध्यक्ष ठरवणाऱ्या राज्यवार मतांत, जिंकले, पण एकूण मतांत हिलरी क्लिंटन सुमारे २९ लाखांनी पुढे होत्या. २०२४ मध्ये ट्रम्प यांना ५३८ पैकी ३१२ इलेक्टोरल मतं मिळाली आणि एकूण मतांतही ते पुढे होते, ४९.८ विरुद्ध ४८.३ टक्के.

स्थलांतर: इथे शब्दच वाद पेटवतात

नेहमीचा प्रसंग असा.

"दादा, एका वर्षात पंचवीस लाख लोक घुसले अमेरिकेत!"

"कुठलं वर्ष?"

"२०२३."

"आकडा जवळपास बरोबर आहे. पण हे मोजलंय कसं, माहितीये का तुला?"

धाकट्यानं चिडायच्या आधी दादानं लगेच उत्तरही द्यावं, कोड्यात ठेवू नये. दक्षिण सीमेवरचा २४ लाख ७५ हजारांचा हा आकडा अधिकाऱ्यांशी गाठ पडल्याच्या नोंदींचा आहे. एकच माणूस तीनदा पकडला गेला तर तीन नोंदी होतात. अधिकृत नाक्यावर वेळ घेऊन आलेलेही त्यात आहेत आणि तिथूनच परत पाठवलेलेही. दुसरीकडे, नजर चुकवून निसटलेले त्यात नाहीत. शिवाय हे वर्ष १ ऑक्टोबर २०२२ ते ३० सप्टेंबर २०२३ असं सरकारी आर्थिक वर्ष आहे. म्हणजे हा आकडा फुगलेला म्हणता येत नाही आणि 'घुसले' असाही वाचता येत नाही.

हद्दपारीच्या आकड्यांचंही तेच. कोर्टाच्या किंवा अधिकाऱ्याच्या आदेशानं बाहेर काढणं, सीमेवरून नुसतं परत लावणं आणि टायटल ४२ खाली हाकलणं या तीन नोंदी वेगळ्या आहेत. दोघांनी एकच रकाना धरला नाही तर तुलना फसते. आदेशानं बाहेर काढलेल्यांचा रकाना धरला तर ओबामांच्या काळात २०१२ आणि २०१३ मध्ये हा आकडा ४ लाखांवर होता. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत एकाही वर्षी तो तिथवर गेला नाही. ही गोष्ट दोन्ही बाजूंना आवडत नाही, म्हणून ती हाताशी ठेवा.

'बेकायदा' हा शब्द आला की कोणत्या अर्थानं ते विचारा. तपासणी चुकवून सीमा ओलांडणं हा पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैदेचा फौजदारी गुन्हा आहे. व्हिसा संपल्यावर राहणं ही दिवाणी स्वरूपाची चूक आहे, हद्दपारी तिच्यातही होऊ शकते. आश्रय मागणाऱ्याचं प्रकरण तिसरंच. कायदा म्हणतो, माणूस अमेरिकेच्या भूमीवर पोचला असेल तर कसाही आलेला असो, त्याला अर्ज करता येतो. अर्ज साधारणपणे वर्षाच्या आत करावा लागतो. ही वाट जून २०२४ मध्ये बायडन यांनी आणि जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी आपापल्या आदेशांनी आवळली.

"आम्ही आलो तसं रांगेत उभं राहून या" हा भारतीयांच्या तोंडी हमखास येणारा मुद्दा. त्यामागची भावना खरी आहे. सात टक्क्यांच्या अटीपायी वर्षानुवर्षं लटकलेल्या माणसाला ती वाटणारच, तिची थट्टा करू नका. पण दोन गोष्टी शांतपणे सांगा. ज्याचे तिथे जवळचे नातेवाईक नाहीत, बोलावणारी कंपनी नाही, त्याला उभं राहायला बहुधा रांगच नाही. आणि १९९६ च्या कायद्यानं, १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडलेल्याला ३ वर्षं आणि वर्षाहून जास्त राहिलेल्याला १० वर्षं परत येता येत नाही. म्हणून "आधी बाहेर जा, मग रीतसर ये" हा सल्ला अनेकांसाठी दार बंद करणारा ठरतो.

गुन्हेगारीच्या मुद्द्यावर एखाद्या खुनाची बातमी समोर आली तर आधी त्या घरावर काय ओढवलं ते माना. मग प्रमाणाकडे वळा. टेक्सासमध्ये अटकेच्या वेळी स्थलांतराचा दर्जा तपासला जातो, त्यामुळे तिथली नोंद उपयोगी. त्या नोंदींवरच्या अभ्यासात कागदपत्रं नसलेल्यांचं गंभीर गुन्ह्यांतलं अटकेचं प्रमाण अमेरिकेत जन्मलेल्यांपेक्षा कमी आढळलं.

स्थलांतरितांमुळे स्थानिकांची मजुरी घसरते का, याबाबत मात्र छातीठोक बोलू नका. १९८० मध्ये सुमारे सव्वा लाख क्यूबन माणसं काही महिन्यांत फ्लोरिडाला आली, बरीचशी मायामीतच राहिली. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांना तिथल्या मजुरीवर फारसा परिणाम दिसला नाही. दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांना शाळा अर्धवट सोडलेल्या कामगारांची मजुरी बरीच घसरलेली दिसली. आमच्या मते कार्ड यांची बाजू अधिक भक्कम आहे, पण समोरचा बोर्हास यांचा आधार घेत असेल तर तो अडाणीपणा नव्हे.

अमली पदार्थ

आता तो तिसरा दावा. सिनालोआ आणि हालिस्को या मेक्सिकन टोळ्या चीनमधून आलेल्या रसायनांपासून फेंटानिल बनवतात, हे खरं. ते दक्षिण सीमेवरूनच येतं, हेही खरं. पण पकडलेला बहुतांश माल अधिकृत नाक्यांवर, गाड्यांच्या दारांत आणि टाक्यांत सापडतो. फेंटानिलच्या व्यापारात शिक्षा झालेल्यांत ८० टक्क्यांहून अधिक अमेरिकी नागरिक असतात. कारण साधं आहे: नागरिकाची गाडी कमी थांबते. इथे समोरचा म्हणेल, "हे पकडलेल्या मालाचं झालं, न पकडलेल्याचं काय?" आक्षेप रास्त आहे. नाक्यावर तपासणी जास्त, म्हणून सापडतंही जास्त. हे कबूल करा. तरी डोंगरातून पायी आणण्यापेक्षा हा मार्ग टोळ्यांना सोपा पडतो, हा तर्क टिकतो.

"पकडलेल्या मालात अख्खा देश मेला असता" हा हिशेबही तपासा. २ मिलिग्रॅम प्राणघातक ठरू शकतं, म्हणून एका किलोत पाच लाख मात्रा, असा तो गुणाकार असतो. तो शुद्ध फेंटानिल धरून केलेला असतो. गोळ्यांत बहुतांश भाग दुसऱ्याच भुकटीचा असतो.

धोरणावर येताना तीन शब्द आधी ठरवून घ्या. कायदेशीर करणं म्हणजे विक्रीला परवानगी, जसं कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांनी २०१२ मध्ये गांजाबाबत मतदानानं केलं. गुन्ह्यातून वगळणं म्हणजे स्वतःपुरतं जवळ बाळगल्यास तुरुंग नाही, विक्री मात्र गुन्हाच. हानी कमी करणं म्हणजे अतिसेवन झालेल्याला वाचवणारं नालोक्झोन, स्वच्छ सुया, व्यसनावरच्या मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या औषधांचे उपचार. पोर्तुगालनं २००१ मध्ये यातली दुसरी गोष्ट केली आणि सोबत उपचारांकडे वळवणारी मंडळं उभी केली. "पोर्तुगालनं ड्रग्ज कायदेशीर केले" हे वाक्य दोन्ही बाजूंनी ऐकू येतं आणि ते चूक आहे.

शिक्षा सौम्य करण्याच्या बाजूनं बोलणार असाल तर ओरेगनचं उदाहरण स्वतःहून काढा, समोरच्यानं काढायची वाट पाहू नका. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथे सुमारे ५८ टक्के मतांनी मेझर ११० हा गुन्ह्यातून वगळण्याचा प्रस्ताव मंजूर झाला. फेब्रुवारी २०२१ पासून थोडासा माल बाळगल्यास १०० डॉलरची पावती, आणि आरोग्य तपासणीसाठी फोन केला तर तीही माफ. फोन करणारे अगदी थोडे निघाले, उपचारांचा पैसा उशिरा पोचला, आणि त्याच काळात फेंटानिल पश्चिम किनाऱ्यावर पसरलं. सप्टेंबर २०२४ पासून बाळगणं पुन्हा गुन्हा झालं. मृत्यूंतला किती वाटा कायद्याचा आणि किती फेंटानिलचा, यावर अभ्यासक भांडताहेत. पण शिक्षा आधी काढून उपचार मागाहून आणणं जमलं नाही, एवढं त्यातून दिसतं.

कडक शिक्षेच्या बाजूनं बोलणाऱ्यानं १९८६ च्या कायद्याला उत्तर द्यायला हवं. ५ ग्रॅम क्रॅकला (धुरातून ओढायच्या कोकेनला) किमान ५ वर्षं, आणि तेवढ्याच शिक्षेसाठी पावडर कोकेन लागायचं ५०० ग्रॅम. याची झळ प्रामुख्यानं कृष्णवर्णीयांना बसली. २०१० मध्ये हे प्रमाण १८ विरुद्ध १ झालं. जुन्या कैद्यांना त्याचा लाभ देणाऱ्या २०१८ च्या कायद्यावर सही ट्रम्प यांची आहे.

बसण्याआधी आणि उठताना

टेबलाभोवती कोणाचा व्हिसा अडकलेला आहे का, कोणाच्या घरात व्यसनानं कोणी गेलंय का, हे आधी विचारून घ्या. असेल तर तो विषय त्या माणसानं काढल्याशिवाय काढू नका. एका बैठकीला एकच दावा, चाळीस मिनिटं. घोळक्यासमोर कोणी माघार घेत नाही, म्हणून शक्यतो दोघंच बसा. जागच्या जागी तपासता न येणारा आकडा आला तर तो, त्याचं वर्ष आणि कोणी मोजला ते कागदावर लिहा आणि तेवढ्यापुरता वाद तिथेच सोडा. पुढच्या बैठकीची सुरुवात त्याच ओळीपासून करा.