सबफोल्डर्समधल्या फाइल्सवर स्क्रिप्ट चालवताय? या चुका टाळा

शेकडो सबफोल्डर्समधल्या फाइल्स हलवायच्या, नावं बदलायची, जुन्या उडवायच्या, तर चार ओळींची स्क्रिप्ट पुरते. पण चूक झाली तर तीही सगळ्या फोल्डर्समध्ये एकदमच होते, आणि आरएम (लिनक्स, मॅक) किंवा डेल (विंडोज) या डिलीट कमांडने उडवलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते.

माझं सगळ्यात मोठं नुकसान डिलीटने नाही, मूव्हने झालं. वेगवेगळ्या फोल्डर्समधले फोटो लूप लावून एका फोल्डरमध्ये आणले, एकही एरर नाही, आणि मोजले तर बरेच कमी. कॅमेरा नंबर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो त्यामुळे एकाच नावाचे फोटो चार ठिकाणी होते, आणि एमव्ही (फाइल हलवायची कमांड) काही न विचारता जुन्यावर नवा ठेवतं. ते फोटो परत मिळाले नाहीत. एमव्हीला मायनस एन लावलं तर असलेली फाइल पुसली जात नाही, पण त्याच नावाची दुसरी मूळ जागीच राहते, म्हणून मी आता फाइलच्या नावात आधी फोल्डरचं नाव जोडतो आणि मगच हलवतो. आधी आणि नंतर फाइल्स मोजायच्या, हे तर प्रत्येक वेळी.

आता फाइंड, म्हणजे फाइल्स शोधायची कमांड. "काल चालत होती, आज चालत नाही" अशी तक्रार असेल तर आधी कोट्स बघा. मायनस नेमपुढे (नावावरून शोधायची अट) स्टार डॉट जेपीजी कोट्सशिवाय लिहिलं तर तो स्टार फाइंडपर्यंत पोचायच्या आधी शेलच (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, बॅश आणि झेडशेल हे त्याचे प्रकार) त्याच्या जागी जुळणाऱ्या फाइल्सची नावं घालतो. बॅशमध्ये तुम्ही उभे आहात त्या फोल्डरमध्ये एकही जेपीजी नसेल तर सगळं बरोबर चालतं, एक असेल तर फक्त त्याच नावाची फाइल शोधली जाते, दोन असल्या की एरर. झेडशेलमध्ये तर एकही नसेल तरी एरर येते. म्हणून पॅटर्न कायम कोट्समध्ये. आणि कॅपिटल जेपीजी सुटत असतील तर नेमच्या जागी आयनेम.

फाइंड अटी डावीकडून उजवीकडे तपासतं. मायनस डिलीट आधी आणि मायनस नेम नंतर लिहिलंत तर नाव तपासायच्या आधीच सगळं उडतं, खरंच सगळं. डिलीट शेवटी, आणि पहिल्यांदा चालवताना त्याच्या जागी प्रिंट लिहून यादी नीट डोळ्यांखालून घाला. मायनस एमटाइम (फाइल शेवटची कधी बदलली ही अट) प्लस ७ म्हणजे ७ दिवसांपेक्षा जुन्या असं वाटतं ना, पण उरलेले तास धरले जात नाहीत, त्यामुळे निदान पूर्ण ८ दिवस झालेल्याच फाइल्स येतात.

नावात स्पेस असेल तर फाइंडचं आउटपुट फॉर लूपमध्ये टाकू नका, एका नावाचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही "फाइल सापडत नाही". फाइंडचं प्रिंट झिरो आणि एक्सआर्ग्स (मिळालेली नावं दुसऱ्या कमांडला देणारी कमांड) मायनस झिरो ही जोडी वापरा, नाहीतर सरळ फाइंडचंच एक्झेक, जे सापडलेल्या फाइल्सवर कमांड चालवतं.

स्क्रिप्टमध्ये सीडी (दुसऱ्या फोल्डरमध्ये जायची कमांड) करून लगेच आरएम असेल तर मला भीतीच वाटते. फोल्डरच्या नावात एक अक्षर चुकलं, सीडी फेल झाली, तरी पुढची ओळ चालतेच आणि तुम्ही ज्या फोल्डरमध्ये होता तोच साफ होतो. सीडीनंतर दोन उभ्या रेघा आणि एक्झिट, एवढं लिहायला किती वेळ लागतो.

सगळ्या सबफोल्डर्ससाठी लिहिलेला डबल स्टार एकाच लेव्हलपर्यंत जात असेल तर बॅशमध्ये ग्लोबस्टार हा ऑप्शन ऑन केलेला नाही. हा ऑप्शन बॅश ४ पासून आहे आणि मॅकबरोबर येणारं बॅश ३.२ आहे, तिथे झेडशेलच वापरा.

विंडोजवाल्यांसाठी थोडक्यात: फॉर लूप प्रॉम्प्टवर चालतो पण बॅच फाइलमध्ये नाही, तर व्हेरिएबलला तिथे % दोनदा लागतो. खूप आतल्या फोल्डरमधली फाइल सापडत नसेल तर २६० अक्षरांच्या पाथची मर्यादा तपासा. रोबोकॉपीचा (विंडोजची फोल्डर कॉपी करायची कमांड) मिरर ऑप्शन सोर्समध्ये नसलेल्या फाइल्स डेस्टिनेशनमधून काढून टाकतो, तेव्हा आधी स्लॅश एल लावून नुसती यादी बघा.

आणि झिप किंवा लॉग फाइल ज्या फोल्डरमध्ये शोध चाललाय त्याच्या आतच बनवू नका, पुढच्या वेळी स्क्रिप्ट तीच झिप परत झिपमध्ये घालते आणि साइज का वाढतेय ते कळायला डिस्क भरायची वाट बघावी लागते.