जाणतं स्वप्न हवंय? मग गजर पहाटेचा लावा

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं उमगणं म्हणजे ल्युसिड ड्रीम. आपण त्याला जाणतं स्वप्न म्हणू. बहुतेक जण ते रात्री अकराला अंथरुणावर पडल्या पडल्या साधायला जातात, चार रात्री फुकट घालवतात आणि नाद सोडतात. त्यांची इच्छाशक्ती कमी पडत नाही, वेळ चुकते.

झोपेचा एक फेरा साधारण ९० मिनिटांचा, आणि रात्रीत असे चार ते सहा फेरे होतात. डोळा लागताना पहिला टप्पा येतो. पायरी चुकल्यासारखा झटका बसतो तो इथेच. मग दुसरा टप्पा, ज्यात जवळपास निम्मी रात्र जाते. तिसरा गाढ झोपेचा. त्यातून उठवलेल्या माणसाला दार कुठल्या बाजूला तेही पटकन सांगता येत नाही. शेवटी आरईएम: बंद पापण्यांआड डोळे भराभर फिरतात, मेंदू जवळजवळ जागेपणाइतका चालतो, पण डोळे आणि श्वासाचे स्नायू सोडले तर अंग ढिलं पडलेलं असतं. ही झोप १९५३ मध्ये शिकागोत अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी नोंदवली. ठसठशीत, गोष्टीसारखी लांबणारी स्वप्नं बहुतेक याच टप्प्यात पडतात.

हे टप्पे रात्रभर समसमान वाटले गेलेले नसतात. गाढ झोप पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत उरकते. आरईएम उलट: पहिल्या फेऱ्यात पाच-दहा मिनिटं, पहाटेच्या फेऱ्यात अर्धा तास किंवा त्याहून जास्त. साडेदहाला झोपून सहाला उठणाऱ्याच्या आरईएमचा मोठा हिस्सा साडेतीननंतर येतो. म्हणून सगळी खटपट तिथेच करायची.

हे नुसतं ऐकीव नाही. डोळे हलवता येतात याचाच फायदा घेऊन एप्रिल १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी अ‍ॅलन वर्स्ली या स्वप्न पाहणाऱ्याकडून आधी ठरलेल्या डाव्या-उजव्या नजरेच्या खुणा झोपेतच नोंदवून घेतल्या. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी तेच स्वतंत्रपणे दाखवलं. आपल्याकडे मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुर्य असे चार पाद कधीच सांगून ठेवलेत, आणि कर्नाटकातल्या मुंडगोडला वसलेल्या तिबेटी लोकांच्या परंपरेत स्वप्नयोग ही जुनी साधना आहे. खालची पद्धत मात्र प्रयोगशाळेतून आलेली आहे. तिला ना गुरू लागतो ना उपास.

पहिले दोन आठवडे फक्त वही. उशाशी वही-पेन ठेवा. जाग आली की हलू नका, कूस बदलू नका, डोळे मिटलेलेच ठेवा आणि शेवटचं दृश्य धरून मागे मागे जा. मग चार ओळी लिहा: जागा, माणसं, विचित्र काय होतं. मोबाईलवर टिपायला गेलात तर व्हॉट्सअ‍ॅप उघडतं आणि स्वप्न पुसलं जातं. ‘मला स्वप्नंच पडत नाहीत’ म्हणणाऱ्यालाही आठवडाभरात काहीतरी हाती लागतं. वीसेक स्वप्नं जमली की वाचून काढा. तेच ते परत येणारं अधोरेखित करा: शाळेची परीक्षा, वारलेली आजी, सुटलेली गाडी, नको तिथे उगवलेला बेळगावजवळचा राजहंसगड. या तुमच्या खुणा. पुढे ‘माइल्ड’ नावाची पद्धत येईल, तिच्यात त्याच कामाला येतात.

त्याच्या जोडीला दिवसा पारख, म्हणजे आपण जागे आहोत की स्वप्नात हे तपासून पाहणं. सर्वात भरवशाची पारख नाकाची: दोन बोटांनी नाकपुड्या घट्ट दाबायच्या, तोंड मिटायचं आणि श्वास ओढून पाहायचा. स्वप्नात नाक बंद असूनही श्वास आत जातो. दुसरी अक्षरांची: पाटी वाचा, नजर वळवा, पुन्हा वाचा. स्वप्नात मजकूर बहुधा बदलतो. बेळगावात यासाठी सराव भरपूर. निपाणीच्या गाडीची कन्नड पाटी, खडेबाजारातले तीन लिपींतले फलक, काहीही चालतं. लाइटचं बटण दाबून बघायची पारख पुस्तकांत हमखास सापडते, पण जिथे वीज जागेपणीही जाते तिथे तिचा काय उपयोग? ती सोडा. पारख दिवसातून आठ-दहा वेळा पुरे, पण यंत्रासारखी नको. प्रत्येक वेळी खरंच शंका घ्या: इथे मी कसा आलो, मघाशी कुठे होतो? शंका न घेता नुसतं नाक दाबणारा स्वप्नातही नाक दाबतो आणि ‘जागाच आहे’ म्हणून पुढे चालू लागतो.

आता मुख्य काम. झोपल्यापासून पाच तासांचा गजर लावा. साडेदहाला झोपला असाल तर साडेतीनचा. एकाच खोलीत चौघं झोपत असतील तर मोबाईल कंपनावर ठेवून उशीखाली. जाग आली की आधी स्वप्न आठवा, लिहा, मग उठून बसा. झिरोचा दिवा चालेल, ट्यूबलाइट नको. दहा-पंधरा मिनिटं जागं राहा, वहीतली जुनी स्वप्नं चाळा. चहा नाही, बातम्या नाहीत. ज्यांच्या गल्लीत पहाटे नळाला पाणी येतं त्यांना ही जाग फुकटात मिळते. फक्त घागरी भरून, अंगण धुऊन मग आडवे झालात तर झोप पार उडालेली असते. तो दिवस सोडून द्या.

परत आडवं झाल्यावर माइल्ड. ही लाबर्ज यांची पद्धत, आणि तिचा गाभा स्मरणाचा आहे: येताना दूध आणायचं आहे हे जसं आपण मनाशी धरून ठेवतो, तसं. नुकतंच पडलेलं स्वप्न डोळ्यांसमोर आणा. त्यातली विचित्र गोष्ट आली की तिथे थांबा आणि कल्पनेत स्वतःला ‘अरे, हे स्वप्न!’ असं ओळखताना पाहा. मग मनात म्हणा, ‘पुढच्या स्वप्नात मला आठवेल की मी स्वप्नात आहे.’ वाक्य छापील मराठीतलंच हवं असं नाही. घरी जे बोलता त्यात म्हणा: ‘मी सपान बघूलालोय.’ ते मनात लवकर मुरतं. दृश्य आणि वाक्य आलटून पालटून, झोप लागेपर्यंत. झोपेच्या अगदी आधीचा विचार हाच राहिला पाहिजे.

अ‍ॅडलेड विद्यापीठाच्या २०१७ मधल्या अभ्यासात पारख, पहाटेची जाग आणि माइल्ड हे तिन्ही एकत्र करणाऱ्यांना आठवडाभरात सुमारे १७ टक्के रात्री यश आलं. माइल्डनंतर पाच मिनिटांत झोप लागलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास गेलं. म्हणून तोल सगळा इथेच आहे. वाक्य म्हणता म्हणता तासभर कूस बदलत राहिलात तर पुढच्या वेळी जागं राहणं पाच मिनिटांवर आणा. उलट पाठ टेकताच काही आठवायच्या आत झोपलात, तर पुढच्या वेळी गजर झाल्यावर उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसा. गजराला डोकं बधिर असेल तर तो गाढ झोपेत वाजला असणार. अर्धा तास पुढे-मागे करून पाहा. आठवड्यात दोन रात्री पुरेत, शक्यतो दुसऱ्या दिवशी सुट्टी असलेल्या.

स्वप्न ओळखलं की पहिला धोका आनंदाचा. हुरळलात की जाग येते. शांत राहा, तळहात एकमेकांवर चोळा, भिंतीला हात लावा, जमिनीचा स्पर्श घ्या. दृश्य विरायला लागलं तर स्वतःभोवती गिरकी घ्या. एकाच वस्तूकडे टक लावू नका. पहिल्या वेळी उडायला जाऊ नका. अर्धा मिनिट नुसतं चालणं जमलं तरी भरपूर. आणि ‘जाग आली’ असं वाटलं की लगेच नाक दाबून पाहा. खोटी जाग फार फसवते: माणूस उठतो, दात घासतो, आंघोळ करतो, आणि तेव्हाही झोपलेलाच असतो.

कधी उलटं होतं. डोळे उघडतात, पण अंग हलत नाही, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. गावाकडे याचा संबंध लगेच भुताशी लावतात. आरईएममधला स्नायूंचा ढिलेपणा जाग आल्यावरही काही क्षण रेंगाळतो, एवढंच ते असतं. धडपडू नका. श्वास सावकाश सोडा, पायाची बोटं हलवायचा प्रयत्न करा. सहसा सेकंदांत, फार तर काही मिनिटांत सुटतं. पाठीवर झोपल्यावर हे जास्त होतं, म्हणून कुशीवर झोपा.

दारूने पहिल्या अर्ध्या रात्रीचं आरईएम दाबलं जातं आणि पहाटेची झोप तुटक होते. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्याही आरईएम कमी करतात. त्या स्वप्नांसाठी बंद करायच्या नाहीत. बी-६ च्या मोठ्या मात्रेने स्वप्नं जास्त आठवतात असं एका छोट्या प्रयोगात दिसलं, पण जाणती स्वप्नं वाढली नाहीत, आणि मोठी मात्रा दीर्घकाळ घेतली तर नसांना इजा होते. भ्रम किंवा वास्तवाचं भान सुटण्याचा त्रास कधी झाला असेल, तर ही पद्धत तुमच्यासाठी नाही. फिट येत असेल तर झोपमोड टाळा.

बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीत किंवा वडगावच्या मागांवर रात्रपाळी करणाऱ्यांना पाच तासांचा हिशेब लागू पडत नाही. शरीराचं घड्याळ आरईएम पहाटे-सकाळकडे ओढतं, त्यामुळे सकाळी सातला झोपणाऱ्याला ते लवकर मिळतं आणि दुपारकडे कमी होत जातं. त्यांनी गजर लावूच नये. आधीच कमी पडणारी झोप तोडण्यापेक्षा वही आणि दिवसाची पारख एवढ्यावर थांबावं, आणि पाळी बदलून रात्रीची सलग झोप मिळू लागली की आठवड्याभराने साडेतीनचा गजर लावून बघावा.